रिटर्न दिसतोय, पण ऑइल बिग एंडपर्यंत पोहोचतंय का?

या वेळच्या पत्रांमध्ये एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत आली आहे : जुन्या मोटारसायकलचं ऑइल बदललं, आता ते आत नीट फिरतंय हे कसं ओळखायचं? बहुतेक पत्रं ड्राय संप इंजिनांबद्दलची आहेत. या इंजिनांत ऑइल वेगळ्या टाकीत किंवा क्रँककेसच्याच (इंजिनाच्या खालच्या खोक्याच्या) वेगळ्या कप्प्यात असतं. फीड पंप ते इंजिनात, बिग एंडपर्यंत (कनेक्टिंग रॉड जिथे क्रँकला जोडतो ते बेअरिंग) ढकलतो आणि रिटर्न पंप खाली संपमध्ये, म्हणजे क्रँककेसच्या तळाशी, गळून जमलेलं ऑइल उचलून टाकीत परत टाकतो. हे दोन पंप एकत्रच चालत असले तरी दोघांची कामं स्वतंत्र आहेत. एक चालू आणि दुसरा बंद, असं सहज होऊ शकतं. पुढची सगळी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

प्रश्न : १९६०च्या दशकातली ट्रायम्फ ६५० ट्विन आहे. टाकीतलं ऑइल काढून नवीन भरलं. स्टार्ट करून टाकीचं झाकण उघडलं तर रिटर्नच्या नळीतून लगेच जाड धार आली. साधारण अर्ध्या मिनिटात धार तुटली आणि मग थेंब, बुडबुडे, मधूनच पिचकारी, असं सुरू झालं. पंप गेला का?

उत्तर : नाही. तुटक, हवा मिसळलेला रिटर्न हाच या इंजिनाचा निरोगी रिटर्न आहे. खाली ऑइल साठू नये म्हणून रिटर्न पंपाची क्षमता फीडच्या जवळपास दुप्पट ठेवलेली असते. संप कोरडा झाला की तो थोडं ऑइल आणि बरीच हवा ओढतो. म्हणूनच ते बुडबुडे आणि पिचकाऱ्या.

लक्ष द्यायला हवं ते सुरुवातीच्या जाड धारेकडे. रिकाम्या संपमधून पहिल्या काही सेकंदांत अशी धार येऊच शकत नाही. याचा अर्थ खाली ऑइल साठलेलं होतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपातून पाझरत क्रँककेसमध्ये उतरतं. तुम्ही टाकी रिकामी केलीत, पण क्रँककेसखालचा मोठा प्लग उघडला नाहीत. पहिल्या अर्ध्या मिनिटात टाकीत परत आलं ते जुनं, काळं ऑइल आणि ते तुमच्या नव्या ऑइलमध्ये मिसळलं. शिवाय टाकी आधीच भरलेली असताना हे वरून आलं, त्यामुळे पातळीही चढली असणार. या गाड्यांत पातळी टाकीच्या तोंडापासून सुमारे दीड इंच, म्हणजे ३८ मिमी खाली ठेवायची असते. त्याहून वर गेलं तर जादा ऑइल ब्रीदरच्या (हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून मागच्या चाकावर उडतं.

म्हणून पुढच्या वेळी इंजिन चांगलं गरम करा. मग टाकीचा आणि संपचा असे दोन्ही प्लग उघडा. संपच्या प्लगवरची जाळी रॉकेलमध्ये धुऊन पांढऱ्या कापडावर झटका. काळा चिखल निघाला तर तो नेहमीचा. चमकणारे कण निघाले तर मात्र ते तपासल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. चुंबकाला चिकटले तर पोलाद, म्हणजे कॅम, टॅपेट, गिअर किंवा रोलर. न चिकटणारे करडे, मऊ कण बेअरिंग शेलचे (बेअरिंगच्या आतल्या पातळ, मऊ धातूच्या अस्तराचे) असू शकतात.

आता मूळ मुद्दा. टाकीतला रिटर्न फक्त एवढंच सांगतो की खाली ऑइल आहे आणि रिटर्न पंप ते उचलतोय. ते ऑइल बिग एंडमधून फिरून आलं की रात्रभरात पाझरून खाली बसलं होतं, हे त्यावरून कळत नाही. ट्रायम्फच्या या ट्विन्समध्ये रॉकरला (वर हेडमध्ये व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांना) जाणारं ऑइलसुद्धा रिटर्नच्या वाटेवरूनच घेतलेलं आहे. त्यामुळे रॉकरवर ऑइल दिसलं तरी पुरावा पुन्हा रिटर्न पंपाचाच. रॉकर तपासायचे असतील तर एक झाकण काढा, आयडलवर टाकीतल्या रिटर्नच्या तोंडावर दोन-तीन सेकंद बोट ठेवा आणि रॉकरवर ऑइल येतं का पाहा. त्याहून जास्त वेळ बोट ठेवू नका.

फीड तपासायचा तर प्रेशरच्या बाजूलाच जावं लागतं. जुन्या मॉडेल्सवर टायमिंग कव्हरच्या (इंजिनाच्या बाजूला टायमिंग गिअरवर असलेल्या झाकणाच्या) पुढच्या रिलीफ व्हॉल्व्हमधून प्रेशर आल्यावर एक छोटं बटन बाहेर येतं. नंतरच्या मॉडेल्सवर प्रेशर स्विच आहे. आयडलवर तो स्विच एक-दोन आटे सैल करा. आट्यांतून लगेच ऑइल झिरपायला लागलं की फीड पंप ढकलतोय. खात्रीचा आकडा हवा असेल तर तिथेच गेज लावा. गरम इंजिनावर आयडलला २० ते २५ पीएसआय आणि नेहमीच्या चालीत ६५ ते ८० पीएसआय, हा ट्रायम्फच्या मॅन्युअलमधला आकडा आहे. लाल दिवा विझला एवढ्यावर समाधान मानू नका. तो अगदी थोड्या प्रेशरला विझतो. बेअरिंगला पुरेसं प्रेशर आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

प्रश्न : नॉर्टन कमांडो, कॅनिस्टर फिल्टरचं मॉडेल. टाकी काढून धुतली, फिल्टर बदलला, संप रिकामा केला, सगळं ऑइल नवीन. दीड मिनिट आयडलवर चालवली तरी टाकीत रिटर्न नाही. अजून किती वेळ थांबू?

उत्तर : थांबू नका, इंजिन बंद करा. कदाचित काहीच बिघडलेलं नसेल. कमांडोवर १९७२पासून आलेला हा फिल्टर रिटर्नच्या वाटेवर आहे. नवा, कोरडा फिल्टर भरेपर्यंत टाकीत थेंबही येत नाही. त्यात संप रिकामा केलेला, म्हणजे उचलायलाही काही नाही. पण बाहेरून पाहता ‘फिल्टर भरतोय’ आणि ‘फीड बंद आहे’ या दोन्ही स्थिती सारख्याच दिसतात आणि दुसऱ्या स्थितीत प्रत्येक मिनिट शेल खरवडत असतं. अंदाजावर चालवण्यापेक्षा दहा मिनिटं तपासणीला द्या.

आधी नळ्या पाहा. टाकी काढून परत बसवताना फीड आणि रिटर्नच्या नळ्यांची अदलाबदल ही सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. अशा वेळी फीड पंप टाकीच्या वरच्या, हवेतल्या नळीतून हवा ओढत राहतो. टाकी भरलेली दिसते आणि इंजिन कोरडं चालतं. टाकीच्या तळातून किंवा तळाच्या जाळीतून निघणारी नळी फीडची. ती बोटाने धरून इंजिनापर्यंत न्या. नुसत्या नजरेने ठरवू नका.

नळ्या बरोबर असतील तर हवा काढा. रिकाम्या फीड नळीत अडकलेला हवेचा गोळा पंपाला ओढता येत नाही, विशेषतः पंपाचे गिअर धुऊन कोरडे झालेले असतील तर. फीडची नळी इंजिनाकडच्या टोकाला सैल करा, खाली भांडं धरा, बुडबुडे संपून सलग धार लागेपर्यंत ऑइल वाहू द्या आणि मग आवळा. टाकीत २०डब्ल्यू-५० (मल्टिग्रेड ऑइल) असेल आणि हवा थंड असेल तर याला वेळ लागतो. घाई करू नका.

मग दोन्ही स्पार्क प्लग काढा, त्यांच्या केबल इंजिनाच्या धातूला नीट टेकवा (मोकळ्या सोडल्या तर कॉइलच्या इन्सुलेशनवर ताण येतो) आणि इंजिन फिरवा. किक मारून दमण्यापेक्षा गाडी मेन स्टँडवर घ्या, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने पुढे फिरवा. चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे साधारण पाच फेरे होतात आणि प्लग नसल्यामुळे जोरही लागत नाही.

हे करताना नजर टाकीत नको, हेडवर ठेवा. ट्रायम्फच्या उलट कमांडोमध्ये रॉकरचा फीड प्रेशरच्या बाजूने येतो. हेडवरचा रॉकर पाइपचा बँजो बोल्ट (पाइप जोडणारा, आतून पोकळ बोल्ट) सैल करून ठेवा. तिथे ऑइल झिरपलं की फीड पंप काम करतोय, याचा थेट पुरावा मिळाला. बोल्ट आवळा, स्पार्क प्लग लावा, स्टार्ट करा आणि आयडलपेक्षा किंचित वर ठेवून टाकीत पाहा. आता दोन मिनिटांत रिटर्न यायला हवा.

नाही आला तर पुन्हा बंद करा आणि संपचा प्लग उघडा. ऑइल किती निघतं यावरून दोष कुठे आहे ते कळतं. भरपूर निघालं तर फीड चालू आहे, रिटर्न पंप किंवा त्याची वाट बंद आहे. जेमतेम निघालं तर ऑइल आतच गेलेलं नाही. दुसरी स्थिती असेल तर टायमिंग कव्हर उघडावं लागेल. पंपाच्या तोंडावर एक शंकूच्या आकाराचं रबर सील असतं. ते कव्हर काढताना पडून जातं किंवा कडक होऊन चपटं होतं. मग पंपाने ढकललेलं ऑइल कव्हरमध्येच सांडतं आणि क्रँकपर्यंत जातच नाही. हे सील नवं हवं आणि कव्हर बसवताना किंचित दाबलं जायला हवं. कमांडोला गरम इंजिनावर ३००० आरपीएमला ४५ ते ५५ पीएसआय मिळायला हवं.

पुढच्या वेळी फिल्टर कोरडा बसवू नका. तो आडवा बसतो म्हणून काठोकाठ भरता येत नाही, पण आतला कागद ऑइलने पूर्ण भिजवून बसवला तरी वाट पाहण्याचा काळ बराच कमी होतो.

प्रश्न : जुनी कास्ट आयर्न बुलेट ३५०. ऑइल आणि फेल्टचा फिल्टर बदलला. रॉकरच्या पाइपला ऑइल येतंय. एवढं पुरेसं आहे का?

उत्तर : पुरेसं नाही. बुलेटमध्येही रॉकरचं ऑइल रिटर्न पंपाच्या बाजूने येतं. तुम्ही जो फिल्टर बदललात तो फीड पंप आणि बिग एंड यांच्या मधे आहे. म्हणजे तुमच्या हातून जिथे चूक होऊ शकते ती जागा एक आणि तुम्ही तपासली ती जागा दुसरी.

फिल्टर बदलताना त्याचा कप्पा रिकामा होतो. तो भरल्याशिवाय ऑइल पुढे जात नाही. म्हणून फेल्ट ऑइलमध्ये बुडवून, पूर्ण भिजवून बसवा. स्प्रिंग, वॉशर आणि सील ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत गेले पाहिजेत. वॉशर चुकीच्या बाजूला गेला तर ऑइल फेल्टला बगल देऊन न गाळता पुढे जातं. फेल्ट तिरकं बसून तोंडावर दाबलं गेलं तर वाटच बंद होते.

टायमिंग कव्हरवर बिग एंडच्या फीडचा छोटा प्लग असतो, त्याची जागा मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते. इंजिन हळू आयडलला ठेवा आणि तो एक-दोन आटे सैल करा. ऑइल ठोक्याठोक्याने बाहेर यायला हवं, कारण हा प्लंजरचा (मागेपुढे सरकणाऱ्या दट्ट्याचा) पंप आहे. ठोके दिसले की लगेच आवळा. सुरुवातीची काही मिनिटं आयडलच्या जवळपासच चालवा, मग बंद करून डिपस्टिक पाहा आणि कप्प्यात गेलेलं ऑइल वरून भरा.

एवढं करूनही एक शंका उरते. टायमिंग कव्हरमधून ऑइल क्रँकच्या टोकात शिरतं तिथे सील असतं. ते झिजलं असेल तर प्लगवर ठोके छान दिसतात, पण पुढे बरंचसं ऑइल टायमिंग केसमध्ये गळून खाली जातं. तिथून रिटर्न पंप ते उचलतो आणि सगळं आलबेल दिसतं. जुन्या बुलेटच्या बिग एंडला रोलर नसून फ्लोटिंग बुश (मोकळं फिरणारं धातूचं कडं) असतो. त्याला ऑइल कमी पडलं तर तो फार काळ सहन करत नाही. टायमिंग कव्हर कुठल्याही कारणाने उघडलंत तर हे सील बदलूनच बंद करा.

प्रश्न : बीएसए ए१०. सहा महिने उभी होती. टाकी जवळपास रिकामी दिसली म्हणून भरली. स्टार्ट केल्यावर खूप धूर, ब्रीदरमधून ऑइल, आणि रिटर्न अजिबात नाही.

उत्तर : टाकी रिकामी दिसली तेव्हा ऑइल कुठेच गेलेलं नव्हतं, ते सगळं खाली क्रँककेसमध्ये होतं. आता आत दुप्पट ऑइल आहे. चालवू नका. संप पूर्ण रिकामा करा आणि निघालेलं ऑइल मोजा.

रिटर्न नसण्याचं नेहमीचं कारण खालची प्लेट आणि जाळी काढल्यावर दिसेल. रिटर्नच्या पिकअप नळीच्या तोंडाशी एक सुटी पोलादी गोळी असते. गाडी उभी राहिली की जुनं ऑइल गोंदासारखं होऊन ती गोळी बैठकीला चिकटते. बारीक तार घेऊन खालून हळूच वर ढकला. गोळी उचलली जाऊन आपल्या वजनाने परत खाली पडली पाहिजे, हाताला ते स्पष्ट जाणवतं. अडकत असेल तर रॉकेल किंवा कार्ब क्लीनरने धुवा आणि पुन्हा तार घालून पाहा. प्लेट बसवताना दोन्ही गॅस्केट नवे घ्या. जाळी नळीच्या तोंडाला दाबत नाही, हेही पाहा.

प्रश्न : गाडी उभी असताना ऑइल खाली उतरू नये म्हणून फीडच्या नळीत कॉक किंवा स्प्रिंग-गोळीचा व्हॉल्व्ह लावावा का?

उत्तर : स्प्रिंगचा व्हॉल्व्ह लावू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. फीड पंप टाकीकडून ऑइल ओढण्यात मुळातच दुबळा असतो. त्याला ढकलण्यासाठी बनवलंय, ओढण्यासाठी नाही. वाटेत स्प्रिंग आली आणि नळीत हवा असली तर ती गोळी उघडतच नाही, आणि ऑइल बदलल्यावर नेमकी हवा असतेच. कॉक लावला तर तो एक दिवस बंद राहणार, आणि तो एक दिवस इंजिनाला पुरतो. लावायचाच असेल तर कॉक बंद असताना इग्निशन चालूच होणार नाही असा मायक्रोस्विच त्याच्यासोबत हवा आणि तो स्विच दर वेळी तपासायला हवा. त्यापेक्षा गाडी दोन आठवड्यांतून एकदा नीट गरम होईपर्यंत चालवणं, किंवा लांब उभी राहिल्यावर स्टार्टआधी संप रिकामा करणं सोपं. पाझर एका रात्रीत टाकी अर्धी करत असेल तर पंपाचे गिअर किंवा त्यांच्या बाजूच्या पृष्ठभागांची झीज पाहा. पंपानंतर न परतणारा गोळीचा व्हॉल्व्ह असेल तर त्याची बैठकही तपासा. व्हॉल्व्हने झीज झाकली जाते, भरून येत नाही.

प्रश्न : यामाहा एक्सएस६५०ला गेज लावला. इंजिन थंड असताना सुई वर असते, गरम झाल्यावर आयडलला जवळजवळ शून्य. मित्राच्या ट्रायम्फला मात्र वीसच्या वर दिसतं. माझ्या पंपात दोष आहे का?

उत्तर : दोन इंजिनांची तुलना करता येणार नाही. ट्रायम्फचं बिग एंड शेल बेअरिंगचं आहे. शाफ्ट आणि शेल यांच्यात ऑइलचा थर टिकायला दाब लागतो. एक्सएस६५०चा क्रँक रोलर आणि बॉल बेअरिंगवर आहे. कावासाकी झेड१चंही तसंच. रोलरला दाब लागत नाही, ऑइल सतत पोहोचलं की पुरतं. या बेअरिंगमधून ऑइल मोकळं निघून जातं, म्हणून गेजवर दाब उभाच राहत नाही. अशा इंजिनात दाबापेक्षा वरपर्यंत ऑइल पोहोचतंय का हे पाहा : व्हॉल्व्हचं झाकण काढून आयडलला रॉकर आणि कॅमवर ओलावा ताजा होत राहतो का, किंवा हेडकडे जाणाऱ्या पाइपचा बँजो सैल केल्यावर काही सेकंदांत ऑइल येतं का.

बँजो बोल्ट परत आवळताना तांब्याचे दोन वॉशर लागतात, एक डोक्याखाली आणि एक पाइपखाली. जुने वापरायचे असतील तर लाल होईपर्यंत तापवून गार करा, म्हणजे ते पुन्हा मऊ होतात. बोल्टच्या आडव्या भोकात जुन्या गॅस्केटचा किंवा सिलिकॉनचा तुकडा अडकलेला नाही हे उजेडाकडे धरून पाहा. जास्तीचं सिलिकॉन लावणारे हात जुन्या इंजिनांचे फार नुकसान करतात, कारण बाहेर दिसतं तेवढंच आतही सुटून वाहत असतं.

प्रश्न : वर्षानुवर्षं साधं मोनोग्रेड ऑइल घातलेल्या इंजिनात एकदम डिटर्जंट असलेलं २०डब्ल्यू-५० घातलं तर चालेल का?

उत्तर : इंजिन उघडून साफ केलेलं असेल तर चालेल, उत्तमच. उघडलेलं नसेल तर सावध राहा. ब्रिटिश ट्विन्सच्या क्रँकमध्ये एक नळीसारखी पोकळी असते. वेगाने फिरताना ऑइलमधला जड गाळ तिथे फेकला जाऊन दाबून बसतो. डिटर्जंटने तो सुटायला लागला की ढेप बिग एंडच्या भोकावर येऊन बसू शकते. गाळ किती आहे माहीत नसताना ऑइल बदलायचंच असेल तर पहिल्या ३०० किमीनंतर पुन्हा बदला, जाळ्या धुवा आणि त्या काळात गरम इंजिनाचं प्रेशर मोजत राहा. बाहेरून ही पोकळी धुता येत नाही. तिचा प्लग काढायला क्रँक बाहेर काढावाच लागतो.

प्रश्न : यामाहा आरडी३५०मध्ये ऑइलचा रिटर्न कुठे पाहायचा?

उत्तर : टू-स्ट्रोकमध्ये रिटर्न नसतो, ऑइल पेट्रोलसोबत जळून जातं. पण ऑइलची टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली असेल तर पंपातली हवा काढावीच लागते. पंपावरचा ब्लीड स्क्रू काढा, बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या, स्क्रू लावा. मग आयडलवर पंपाची केबल पूर्ण ओढून धरा, म्हणजे पुढच्या नळ्यांतली हवाही निघून जाईल. सायलेन्सरमधून धूर वाढलेला दिसेल. हे सगळं होईपर्यंत पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळलेलं असू द्या.